थंड देशांचा आजार

दारव्ह्याजवळच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. चौथीचा वर्ग माझ्याकडे होता. राहायला दारव्ह्यात, त्यामुळे रोज सकाळी जीप पकडायची आणि संध्याकाळी जीपनेच परत यायचं. शाळेच्या खिडकीपासून थेट डांबरी रस्त्यापर्यंत कापूस होता. वेचणी लागली की अर्धा वर्ग शेतात जायचा आणि उरलेली मुलं आम्ही एका खोलीत बसवायचो. ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव तेव्हा रोज पेपरात यायचं आणि कशासाठी यायचं ते वेगळं सांगायला नको. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. माझं त्या वर्षांत काय झालं, तेवढंच मी सांगणार आहे.

सुरुवात डाव्या डोळ्यापासून झाली. सहामाहीचे पेपर तपासत होते. डोळा आदल्या दिवसापासून ठणकत होता, इकडेतिकडे फिरवला की जास्तच. उजव्या डोळ्यात कचरा गेला म्हणून तो मिटून चोळत होते, तेव्हा हातातल्या पेनची लाल शाई विटकरी दिसली, साडीचा रंग धुऊन धुऊन उतरतो तशी. उजवा उघडला की लाल, मिटला की विटकरी. मी पेन बदललं. आठवडाभरात त्या डोळ्यासमोर मधोमध धूर बसला. फळ्यावरचा शब्द दिसेना, फळ्याची कड तेवढी दिसायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत बॅटरी टाकून नीट पाहिलं आणि म्हणाले, "डोळा तर एकदम चांगला आहे, बाई. ताण घेऊ नका." महिना-दीड महिन्यात दिसायला लागलं. मीही ते विसरले.

पुढच्या वर्षी थकवा आला. हे सांगणं सगळ्यात कठीण आहे, कारण त्या दिवसांत थकलेलं कोण नव्हतं? माझ्या सासूबाई पहाटे उठून पाणी भरायच्या, निवडणं-टिपणं करायच्या आणि दुपारी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायच्या. शाळेत येणाऱ्या आया वेचणी करून यायच्या, त्यांची बोटं बोंडांनी फाटलेली असायची. मी हेडमास्तरांना सांगितलं की मला दुपारनंतर उभं राहवत नाही, तर ते म्हणाले, "मॅडम, आता थकवा कोणाले नाही? मलेच रात्री झोप लागत नाही." त्यांचं खोटं नव्हतं. पण माझं वेगळं होतं. साडीच्या निऱ्या करता करता मध्येच पलंगावर बसायची वेळ यायची. काही काम केलं म्हणून थकले असं नव्हतं. कोणीतरी आतून सगळं काढून नेल्यासारखं वाटायचं. यासाठी माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता. मी थकले म्हणायची आणि ऐकणारा त्याचा स्वतःचा थकवा समजायचा.

मग करंट सुरू झाला. खाली पडलेला खडू उचलायला मान वाकवली की मानेपासून पाठीतून टाचांपर्यंत विजेसारखं काहीतरी जायचं. मान सरळ केली की बंद. आमचे हे वीज मंडळात लाईनमन. मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी मुळीच हसण्यावारी नेलं नाही. "कुठून कुठपर्यंत जाते?" त्यांनी विचारलं. मी दाखवलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन त्यांनी घरातले सगळे बोर्ड उघडले, अर्थिंगचा खड्डा उकरून त्यात मीठ-कोळसा नव्याने भरला. संध्याकाळी विचारलं, "आता?" मी मान वाकवून पाहिली. करंट होताच. ते पाना घेऊन पुन्हा मीटरकडे गेले.

पाय गेले ते मे महिन्यात. वरच्या टाकीचं पाणी आमच्याकडे मेमध्ये चहा करण्याइतकं तापतं. त्याच पाण्याने दुपारी डोक्यावरून आंघोळ केली आणि न्हाणीच्या दाराशी आले, तर समोरचं अंगण पांढरं दिसायला लागलं आणि पाय माझे राहिले नाहीत. सासूबाईंनी शेजारच्यांना हाक मारली. यांना फोन गेला. जीप करून मला यवतमाळला नेलं.

तिथल्या दवाखान्यात मला स्ट्रेचरवर घेतल्याबरोबर एक तरुण डॉक्टर वाकला आणि त्याने आधी माझ्या तोंडाचा वास घेतला.

"काय घेतलं यांनी?" त्याने यांना विचारलं.

"कायबी नाही घेतलं. आंघोळ करून राह्यली होती."

"खरं सांगा. बाटली आणली का सोबत? वेळ घालवू नका."

"साहेब, ते मास्तरीण आहे," हे म्हणाले. मास्तरीण असण्याचा त्याच्याशी काय संबंध, ते यांनाही माहीत नसेल. दुसरं काही सुचलं नाही इतकंच.

मी शुद्धीत होते आणि ऐकत होते. माझी जीभ जड झाली होती, म्हणून माझं बोलणंही त्याला विषाच्या गुंगीतलं वाटलं असेल. त्याचा मला राग आला नाही. वॉर्डात नेलं तेव्हा आजूबाजूच्या खाटांवर तेच होतं, सलाईन, नळ्या आणि फवारणीच्या औषधाचा तो वास. जो कोणी खांद्यावरून आत यायचा त्याला तोच प्रश्न विचारायची त्या पोराला सवय झाली होती. संध्याकाळी पंख्याखाली अंग निवलं आणि माझे पाय थोडे हलायला लागले. त्यामुळे प्रकरण आणखीच बिघडलं, पाय खरे गेलेच नव्हते असं सगळ्यांना वाटलं. आता नर्सने यांना बाजूला घेऊन घरात भांडण वगैरे आहे का ते विचारलं.

माझे वडील पोस्टातून रिटायर झालेले. ते बातमी ऐकून आले आणि स्टुलावर बसून राहिले. यांच्या आत्याने सुचवलं की बाहेरचं काही असेल, एका ठिकाणी दाखवून पाहा. वडील शांतपणे म्हणाले, "आमच्या घरात ते सारं माझ्या बापानं बंद केलं. दीक्षा घेतली त्याच वर्षी. आता माझ्या पोरीसाठी मी ते उघडणार नाही."  वडील तरी काय करू शकत होते?  रोज विहारात जाऊन येत आणि पुन्हा स्टुलावर बसत.

वॉर्डातल्या एका वयस्कर डॉक्टरांनी माझ्या पायाच्या तळव्यावर किल्ली ओढली, अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर गेला, तेव्हा ते थबकले. "यांना सोडू नका. नागपूरच्या मॅडम येणार आहेत, त्यांना पाहू द्या," ते म्हणाले.

त्या मॅडम मेंदू आणि नसांच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी आणि खाली खेळाडूंचे बूट. त्या महिन्यातून एकदा नागपूरहून बसने यायच्या. खुर्ची ओढून त्या माझ्या खाटेजवळ बसल्या आणि घाई केली नाही. हातोडीने गुडघे पाहिले, टाचणीने पाय पाहिले, थरथरणारा चिमटा घोट्यावर ठेवून विचारलं की कळतंय का. मग पर्समधून औषधाच्या बाटलीचं लाल झाकण काढलं. एकेक डोळा झाकून विचारलं, "दोन्हींनी सारखंच लाल दिसतं?"

मी पेपर तपासतानाची गोष्ट सांगितली.

"आंघोळ केली, उन्हातून आलात, ताप आला, की नजर मंद होते?"

"होते."

"मान खाली घातली की पाठीतून काही जातं?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे पुढे आले आणि म्हणाले, "मॅडम, मी घराचं अर्थिंग चेक केलं होतं."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण वायर आतली आहे."

त्यांनी समजावलं ते असं. नसांवर एक आवरण असतं. शरीराचे रखवालदार चुकून त्याच आवरणावर तुटून पडतात. कधी डोळ्याच्या नसेवर, कधी पाठीच्या कण्यात. सूज उतरते तसं पुष्कळसं परत येतं, पण डाग राहतो आणि जिथे डाग आहे तिथून उष्णतेत संदेश नीट जात नाही. यांनी लगेच ओळखलं. "इन्सुलेशन गेलं म्हणा न," ते म्हणाले. मॅडमनी मान हलवली. मला त्या क्षणी आजाराची भीती वाटायला हवी होती. पण मला झोप आली. इतके दिवस मी सांगत होते ते खरं होतं, एवढंच डोक्यात राहिलं आणि मी झोपले.

नागपूरला स्कॅन झाला. मेंदूत पांढरे ठिपके होते. मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सलाईनमधून औषध दिलं आणि मी काठीशिवाय घरी आले.

मॅडमना या आजारावर आणि याच्यासारख्या दुसऱ्या सुजेच्या आजारांवर संशोधन करायचं होतं. "पुस्तकात लिहिलंय की हा थंड देशांचा आजार आहे. आपल्याकडे नसतोच म्हणतात. नाही कसा? शोधायला कोणी बसलं नाही म्हणून नाही." त्या बसल्या होत्या. नागपूरची नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी, बसने येऊन-जाऊन. आम्हा रोग्यांना त्या महिन्यातून एकदा दवाखान्याच्या मागच्या व्हरांड्यात बोलवायच्या. आम्ही थोडेच होतो. कोणी उमरखेडहून, कोणी पांढरकवड्याहून. त्या आम्हाला व्हरांड्यात चालायला लावायच्या, फळीच्या भोकांत खुंट्या बसवायला लावायच्या, रक्त घ्यायच्या आणि तेच तेच प्रश्न पुन्हा विचारायच्या. बाकावर वाट पाहण्यात अख्खा दिवस जायचा. घरी परतल्यावर पुढचे दोन दिवस मला उठवत नसे. संशोधन म्हणजे असं काही असेल अशी माझी कल्पना नव्हती. मला वाटायचं त्यात काहीतरी सापडतं. इथे नुसतं मोजणं होतं आणि वाट पाहणं.

त्या बाकावरच राजूरची एक जण भेटली, पुढे ती मैत्रीण झाली. तिचा नवरा कोळसा खाणीत होता आणि ते कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायचे. माझ्याहून ती बरीच लहान होती. तिचा एक डोळा पूर्ण गेला होता आणि पाय माझ्यापेक्षा वाईट होते. नवरा तिला पाठुंगळी घेऊन यायचा, बाकावर ठेवायचा आणि बाहेर बिडी ओढायला जायचा.

"तुले कशापासून झालं?" मी एकदा विचारलं.

"हिचकीपासून, ताई," ती म्हणाली. "दिवसरात हिचकी. पाणी पेलं की उलटी. वणीच्या डॉक्टरनं पोटाची गोळी देल्ली. सासू म्हणे, कोण याद करून राह्यलं इतकं? मी म्हटलं, माह्या मायेशिवाय कोण करन. हिचकी थांबली अन् मग पाय गेले."

मॅडमनी तिची ही उचकीची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली होती. तिलाही माझाच आजार आहे असं नागपुरात दुसरीकडे सांगितलं होतं आणि आम्हा दोघींना एकच इंजेक्शन सुरू होतं. ते थंड ठेवावं लागायचं. तिच्याकडे खाणीची वीज होती, चोवीस तास. आमच्याकडे भारनियमन. घरात वीज मंडळाचा माणूस असून फ्रिज अर्धा दिवस बंद. हे बर्फाच्या कारखान्यातून लादी फोडून आणायचे आणि थर्मासमध्ये भरून त्यात माझी इंजेक्शनं ठेवायचे. लोक रस्त्यात अडवून यांना शिव्या द्यायचे, लाईट का नाही म्हणून. हे ऐकून घ्यायचे आणि थर्मास घेऊन घरी यायचे.

एका मे महिन्यात मॅडम आमच्या घरी आल्या. उष्णतेने काय होतं ते पुस्तकवाल्यांनी थंड देशांत तपासलेलं होतं, त्यांना ते इथे पाहायचं होतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावला, थर्मामीटर काढला आणि सकाळपासून बसल्या. लाईट गेल्यावर कुलर थांबला. मी वाचत गेले. सकाळी खालच्या ओळीपर्यंत वाचत होते, दुपारी वरची दोन अक्षरं तेवढी राहिली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "या गरमीत कोणालेच दिसत नाही, बाई," त्या म्हणाल्या. मॅडमनी त्यांनाही तक्त्यासमोर बसवलं. सासूबाईंनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या डोळ्याने माझ्यापेक्षा जास्त वाचलं.  आत गेल्या आणि माठातलं पाणी घंगाळात ओतून माझ्या पायांशी आणून ठेवलं. ओला टॉवेल डोक्यावर घातला. हळूहळू अक्षरं परत आली.

त्या दिवशी मॅडम निघाल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना विचारलं, "फवारणीनं झालं काय हे? शाळेच्या चारी बाजूनं कापसाची पऱ्हाटी आहे. पोट्टे खोकलतात तिथी."

"मला ठाऊक नाही," मॅडम म्हणाल्या. "मी सगळ्यांना विचारते. फवारणाऱ्यांत दिसतो तसा न फवारणाऱ्यांतही दिसतो. आजी, हो म्हणून टाकलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. पण तसं दिसत नाही."

सासूबाईंना ते आवडलं नाही. कोणावर तरी बोट ठेवता आलं असतं तर त्यांचा भार हलका झाला असता. माझाही झाला असता.

रक्ताची गोष्ट त्यानंतरची. दूरच्या एका प्रयोगशाळेत नवी तपासणी निघाली होती. आमच्या आजाराच्या जवळच्या एका आजारात रक्तात एक वेगळी खूण सापडते म्हणे. मॅडमनी आम्हा सगळ्यांचं रक्त बर्फात घालून पाठवलं. उत्तर यायला इतका वेळ लागला की आम्ही विचारायचं सोडून दिलं होतं. मग एका महिन्यात त्या आल्या, राजूरच्या मैत्रिणीला आणि मला सोबतच आत बोलावलं आणि तिला म्हणाल्या, "तुझा आजार हिचा नाही. सख्खा नाही, चुलत आहे. हिची इंजेक्शनं तुला चालत नाहीत, उलट त्रासच करतात. आजपासून बंद. तुला रोजच्या साध्या गोळ्या देते. त्या मात्र चुकवायच्या नाहीत."

"मंग मी बरी होईन?"

"गेलं ते येणार नाही. पण पुढचं थांबवू."

ती बाहेर येऊन बाकावर बसली. मग म्हणाली, "म्हणजे आता आपण एका गावच्या नाही राह्यलो, ताई." मी तिचा हात धरला. मला हेवा वाटत होता, ते तिला कळू नये म्हणून धरला असेल. तिच्या आजाराची रक्तात पक्की खूण मिळाली होती आणि साधी गोळी मिळाली होती. माझं तेच चालू राहणार होतं, बर्फ आणि थर्मास.

झालंही तसंच. तिला त्यानंतर मोठा झटका आला नाही. एक डोळा गेला तो गेला, पण ती भिंत धरून चालायला लागली आणि पुढे भिंतही सोडली. माझा आजार सावकाश पुढे जात राहिला. सकाळची शाळा मागून घेतली, मग काठी आली, मग खुर्चीवर बसून शिकवणं. शेवटी मी नोकरी सोडली. त्या दिवशी मुलांनी काय केलं, कोण काय बोललं, मला आठवत नाही. जीपमध्ये मला बसवायला दोघांना लागायचं आणि आता ते बसवणं संपलं याचं बरं वाटलं, तेवढं आठवतं.

मॅडमचं यवतमाळचं काम संपत आलं तेव्हा त्या शेवटच्या फेरीला घरी आल्या. हिवाळ्यातली दुपार होती. त्या खूप वाळल्या होत्या. वरच्यांनी कामाला मुदत वाढवून दिली नव्हती, मदतीला दिलेली मुलगी लग्न होऊन गेली होती. सासूबाईंनी चहा ठेवला. तो येईपर्यंत मॅडम दिवाणवर टेकल्या आणि बोलता बोलता झोपल्या. तोंड थोडं उघडं, एक बूट अर्धा निघालेला. सासूबाई कप घेऊन आल्या, त्यांना पाहिलं आणि तसाच कप परत घेऊन गेल्या. शेजारच्या पिठाच्या चक्कीवर जाऊन आवाज थोडा वेळ बंद ठेवायला सांगून आल्या. मी माझ्या खुर्चीत बसून होते. त्यांच्या झोपेवरून मला कळत होतं की हा माझ्याच जातीचा थकवा नाही, पण लांबचा नातेवाईक असावा.

त्या दचकून उठल्या, ओशाळल्या, साडी सारखी केली आणि पिशवीतून कागद काढला. "थकवा कसा आहे?" नेहमीचा पहिला प्रश्न.

"आहे," मी म्हटलं. "तुमचा?"

त्या पहिल्यांदाच नीट हसल्या. "मला वाटलं होतं, एवढ्या वर्षांत जास्त काही निघेल. निघालं काय, तर दोन आजार एक नाहीत. आणि इथल्या उन्हात काय होतं ते थोडंसं."

"राजूरवाली चालते आहे न, मॅडम."

"हो," त्या म्हणाल्या. "ती चालते."

त्यांनी माझे गुडघे तपासले, तळव्यावर किल्ली ओढली आणि गार झालेला चहा तसाच पिऊन गेल्या. त्यांचं लिहिलेलं बाहेरच्या कुठल्याशा मासिकात छापून आलं असं नंतर कळलं. मी ते पाहिलेलं नाही.

हे रिटायर झाल्यावर आम्ही यवतमाळला तळमजल्याची खोली घेतली. सासूबाई आता नाहीत. दवाखान्यात नवा तरुण नसांचा डॉक्टर आला आहे. नवी बाई रोगी आली की तो तिला माझा नंबर देतो. परवा केळापूरकडून एकीचा फोन आला. आवाजावरून पोरच वाटत होती. घरचे आळशी म्हणतात, असं सांगत होती. मी ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "हे जाते काय, काकू?"

"नाही जात," मी म्हटलं. "जास्तीचं काम सकाळी करत जा. दुपारी पडत जा. कोणी काही म्हटलं तरी पडत जा."

 दाराशी कोणी आलंय, नंतर करते, असं ती म्हणाली. मी बरं म्हटलं आणि फोन उशीजवळ ठेवला.